पोपट आणाल हो, पण दिवसभर त्याच्यासोबत कोण?

ताई, तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. मुलगी नऊ वर्षांची, चौथीत आहे आणि तिला वाढदिवसाला पोपट हवाय. डोंबिवलीत दोन खोल्यांचं घर. तुम्ही दोघं सकाळी साडेसातला बाहेर पडता, संध्याकाळी सातला येता. मुलगी दुपारी येते, घरी सासरे असतात आणि त्यांना दमा आहे. गावचे चुलतदीर म्हणतात, ‘पहाडीचं पिल्लू देतो, फुकट, बोलायला एक नंबर.’ तुम्ही विचारलंय, पहाडी घ्यावा की दुकानातला ‘कॉकटेल’ नावाचा परदेशी पोपट, आणि रोजचं काम किती पडेल?

कामाचं आधी सांगून टाकते, कारण ते सोपं आहे. ट्रेमधला कागद बदलणं, पाण्याची वाटी घासून भरणं, भाजी चिरणं, उरलेलं काढून टाकणं, आठवड्यातून एकदा अख्खा पिंजरा धुणं. सरासरी पाऊण तास धरा. हे कुणालाही जमतं. गेली २१ वर्षं मी पक्ष्यांवर उपचार करते, पण पिंजरा धुवायचा कंटाळा आला म्हणून पोपट परत द्यायला आलेलं माणूस मला फारसं आठवत नाही. लोक येतात ते वेगळ्याच कारणांनी: ‘सारखा ओरडतो’, ‘पिसं उपटतो’, ‘मुलीला चावला’, ‘आई गेली, आता याचं करायचं कोणी?’ म्हणजे खरा प्रश्न कोणता पोपट घ्यावा हा नाहीच. दिवसभर त्याच्यासोबत कोण असणार आणि किती वर्षं, हा आहे. त्याचं उत्तर तुमच्या घरावर अवलंबून आहे, म्हणून मी एका शब्दात हो किंवा नाही म्हणणार नाही.

एका गोष्टीवर मात्र ‘नाही’च. पहाडी घेऊ नका.

पहाडी म्हणजे खांद्यावर लाल डाग असलेला आपला मोठा पोपट. तो काय, गळ्यात कंठ असलेला नेहमीचा राघू काय किंवा लाल डोक्याचा छोटा पोपट काय, हे सगळे इथले जंगली पक्षी आहेत. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार ते पकडणं, विकणं, विकत घेणं आणि घरात पाळणं गुन्हा आहे. देशी पक्ष्यांचा व्यापार १९९०-९१ पासूनच बंद आहे. दिरांनी पैसे घेतले नाहीत म्हणून त्यात काही बदलत नाही. ‘आमच्याकडे आजीच्या काळापासून मिठू होता’ हे मी रोज ऐकते. माझ्या माहेरीही होता, पडवीत टांगलेल्या गोल पिंजऱ्यात. आम्ही त्याला चहात बुडवलेलं बिस्किट द्यायचो आणि आम्हाला वाटायचं, किती लाड करतोय आपण. त्या पिंजऱ्यात त्याला दोन्ही पंख एकदाही पुरते पसरता आले नसतील, हे मला शिकायला लागल्यावर कळलं.

कायद्यापलीकडचं कारण मला जास्त महत्त्वाचं वाटतं. हिवाळा सरू लागला की पोपट झाडांच्या ढोलीत अंडी घालतात आणि त्याच सुमारास ढोली फोडून पिल्लं काढली जातात. अंगावर धड पिसं नसलेली पिल्लं टोपलीत कोंबून दूरवर नेतात. वाटेत काही मरतात, उरलेली हातोहात खपतात. तुमच्या दिरांच्या मनात काही वाईट नसेल, पण ते पिल्लू कुठल्या तरी ढोलीतूनच आलेलं असणार.

मग उरतात परदेशी जातीचे, इथेच पिंजऱ्यात पैदास झालेले पक्षी. यातही एक मेख आहे. बजी (आपल्या बाजारात यांनाच सर्रास ‘लव्हबर्ड’ म्हणतात) आणि कॉकटील (तुमच्या दुकानदाराचा ‘कॉकटेल’) यांना नोंदणीची अट लागत नाही. सन कॉन्युअर, मकाव, आफ्रिकन ग्रे यांचं तसं नाही. वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या ‘सायटीस’ कराराच्या यादीत ते येतात. आफ्रिकन ग्रेला तर २०१६ च्या जोहान्सबर्गच्या बैठकीत सर्वांत कडक यादीत टाकलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारने नियम केले, त्यानुसार असा पक्षी घरात असेल तर पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर त्याची नोंद लागते. पक्षी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवावं लागतं. तेव्हा दुकानदार ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर तिथूनच परत फिरा.

आता मूळ मुद्दा. पोपट थव्यात जगतो. संध्याकाळी मोठ्या झाडावर बसायला येणारे राघू तुम्ही पाहिले असतील. तो सगळा गलका म्हणजे एकमेकांची हजेरी असते. पाळलेल्या पोपटाला थवा नसतो, म्हणून तो तुम्हालाच थवा मानतो. तुम्ही स्वयंपाकघरात गेलात, नजरेआड झालात, की तो हाक मारतो. ‘आहेस ना?’ एवढंच विचारत असतो. जागेवरूनच शीळ घातली किंवा ‘आहे रे’ म्हटलं तर तो गप्प बसतो. उत्तर आलं नाही तर मोठ्याने विचारतो. आणि मग आपण काय करतो? तो पार किंचाळेपर्यंत दुर्लक्ष करतो आणि किंचाळला की धावत जाऊन ओरडतो. त्यातून तो एवढंच शिकतो की साध्या हाकेला कोणी येत नाही, किंचाळलं की येतात. ‘सारखा ओरडतो’ या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इतकंच असतं. घरातल्या सगळ्यांनी पहिल्या हाकेलाच ओ द्यायची ठरवली तर दोन-तीन आठवड्यांत फरक पडलेला मी पाहिलाय.

पण ओ द्यायला घरात माणूस हवं. सकाळी साडेसात ते दुपारपर्यंत तुमच्याकडे फक्त सासरे. त्यांना पक्ष्याची हौस आहे का, हे तुम्ही लिहिलेलं नाही आणि माझ्या मते सगळ्यात आधी तेच विचारायला हवं होतं. वाढदिवस मुलीचा असला तरी पक्षी आजोबांचाच होणार आहे.

एकटेपण फार झालं की काय होतं ते सांगते. मध्यंतरी एक कॉकटील आला. छाती, पोट, मांड्या सोलून काढल्यासारख्या उघड्या, कातडी गुलाबी पडलेली. डोकं मात्र शाबूत, तुरा व्यवस्थित, गालांवर नारिंगी टिकल्या. स्वतःच्या डोक्यापर्यंत चोच पोहोचत नाही. त्यामुळे डोकं भरलेलं आणि अंग उघडं दिसलं की पक्षी स्वतःच पिसं उपटतोय हे कळतं. आम्ही कातडी तपासली, विष्ठा तपासली, रक्त तपासलं. कारण खाज, यकृताचा त्रास, अन्नातली कमतरता यांनीही हे होतं आणि तपासल्याशिवाय ‘कंटाळलाय’ म्हणून मोकळं होता येत नाही. सगळं ठीक निघालं. मग मालकीणबाईंना दिवसाचं वेळापत्रक विचारलं. दोघं नोकरीला, पिंजरा बंद बेडरूममध्ये, पडदे लावलेले, ‘म्हणजे त्याला शांत वाटेल’. अकरा तास. पिंजरा हॉलमध्ये आणला, कुरतडायला ताज्या फांद्या दिल्या, दाणे वाटीत देण्याऐवजी कागदाच्या पुड्यांत लपवले. काही पिसं परत आली. छातीवरची आली नाहीत. तिथली मुळंच गेली होती.

पोपटाला डोकं किती असतं हे लोकांना त्याच्या बोलण्यावरून कळतं, पण बोलणं हा त्यातला लहान भाग. अमेरिकेत आयरीन पेपरबर्ग यांनी ॲलेक्स नावाच्या आफ्रिकन ग्रेसोबत सुमारे तीस वर्षं काम केलं. तो रंग, आकार, वस्तूंची नावं सांगायचा, सहापर्यंत मोजायचा. २००७ मध्ये तो गेला. एवढी बुद्धी रोज सकाळी जागी होते आणि तिला दिवसभर काहीतरी करायला हवं असतं. रानात तिचा दिवस खाणं शोधण्यात जातो. आपण वाटी भरून ठेवतो, तो दहा मिनिटांत खाऊन रिकामा होतो आणि पुढचा सगळा दिवस त्याच्यापुढे पडलेला असतो.

खाण्याबद्दल दोन गोष्टी सांगते, कारण माझ्याकडे येणारे निम्मे आजार वाटीतून येतात. बाजारातलं मिश्र बी, त्यातही सूर्यफुलाचं, म्हणजे पोपटाचा फरसाण. आवडीने खातो, पण नुसत्या त्यावर ठेवलं तर ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडतं आणि यकृतावर चरबी चढते. मेथी, कोथिंबीर, शेवग्याचा पाला, गाजर, लाल भोपळा, उकडलेलं रताळं, मोड आलेले मूग हे रोज हवं, जोडीला पक्ष्यांसाठी मिळणाऱ्या पेलेट, म्हणजे तयार खाद्याच्या गोळ्या. हिरवी मिरची आपल्याकडे पूर्वापार देतात ती खुशाल द्या. पक्ष्यांना तिखट लागतच नाही, तिखटपणा ओळखणारी रचना त्यांच्यात आपल्यासारखी नसते. ॲव्होकॅडो, चॉकलेट, कांदा-लसूण, चहा-कॉफी, खारट पदार्थ मात्र अजिबात नकोत. आमच्या पडवीतल्या मिठूची आठवण झाली की हे वाक्य मी जरा जोरातच बोलते.

दुसरी गोष्ट वाटीची. एक गृहस्थ बजी घेऊन आले. ‘कालपर्यंत नीट खात होता, वाटी भरलेली आहे बघा,’ म्हणाले. मी वाटीवर हळूच फुंकर मारली. वरची सगळी फोलपटं उडाली आणि खाली दोन-तीन दाणे उरले. पक्षी दाणा सोलतो, गर खातो, साल तिथेच टाकतो. वाटी भरलेली दिसते आणि पक्षी उपाशी असतो. त्या बजीचं छातीचं हाड बोटाला सुरीच्या पात्यासारखं लागत होतं. पिसं फुगवून बसला होता म्हणून वरून गुबगुबीत दिसत होता.

पोपट आजार लपवतो. थव्यात जो दुबळा दिसतो त्याच्यावर शिकारी झडप घालतो, म्हणून उभं राहता येईल तोवर तो ठीक असल्यासारखाच वागतो. तुम्हाला दिसेल अशी वेळ येते तेव्हा बरेचदा उशीर झालेला असतो. यावर माझा एकच भरवशाचा उपाय आहे: स्वयंपाकघरातला ग्रॅम दाखवणारा वजनकाटा. रोज सकाळी खाण्याआधी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. बजी साधारण ३० ते ४० ग्रॅमचा, कॉकटील ८० ते १०० ग्रॅमचा. नेहमीच्या वजनात दहा टक्के घट दिसली की त्याच दिवशी डॉक्टर, मग तो कितीही किलबिलत असो. ९० ग्रॅमच्या पक्ष्यात हे म्हणजे ९ ग्रॅम. डोळ्याला दिसत नाही, काट्याला दिसतं. तुमच्या मुलीला द्यायचंच असेल तर हे काम द्या. नऊ वर्षांची मुलं ते फार मन लावून करतात. पक्षी जगवण्याची जबाबदारी मात्र तिच्यावर टाकू नका, ती मोठ्यांचीच.

तुमच्या बाबतीत सगळं अडतं ते सासऱ्यांच्या दम्यावर. कॉकटील, आफ्रिकन ग्रे, काकाकुवा यांच्या अंगावर पावडरसारखी बारीक धूळ असते. काळ्या कपड्याच्या माणसाच्या खांद्यावर कॉकटील पाच मिनिटं बसला की पांढरी पूड दिसते. बजीची धूळ कमी, पण असतेच. वर्षानुवर्षं ही धूळ छातीत गेल्याने फुप्फुसांना कायमची सूज आलेली माणसं मी पाहिली आहेत. आधीच दमा असलेल्या आणि दिवसभर त्याच खोलीत बसणाऱ्या माणसासाठी मी कॉकटील सुचवूच शकत नाही. त्यांच्या छातीच्या डॉक्टरांना आधी विचारा. शिवाय पोपटांकडून माणसाला होणारा एक ताप आहे, त्याला सिटॅकोसिस म्हणतात. तो रोज होत नाही, औषधांनी बराही होतो. पण घरात पक्षी असताना कोणाला ताप आणि कोरडा खोकला आला तर ‘घरी पोपट आहे’ हे डॉक्टरांना आपणहून सांगायला हवं. ते विचारतीलच असं नाही.

उलट बाजूने, आपलं घरही पक्ष्याला धोक्याचं असतं. त्याची श्वसनसंस्था आपल्यापेक्षा फार तल्लख, त्यामुळे विषारी हवा आपल्याला कळायच्या आत तो मरतो. नॉनस्टिक तवा गॅसवर रिकामा राहून तापला तर त्याच्या धुराने काही मिनिटांत पक्षी गेलेले आहेत. दोन खोल्यांच्या घरात स्वयंपाकघर आणि पिंजरा यांत अंतर ते किती असणार? पक्षी आणायच्या आधी ती भांडी घराबाहेर काढा, लोखंडी तवा वापरा. डासांची कॉइल, धूप, उदबत्ती, फवारे त्या खोलीत नकोत. आणि छताचा पंखा. पक्षी मोकळा असताना पंखा बंदच हवा. ‘एक मिनिटासाठी लावला’ असं सांगणारी माणसं माझ्यासमोर रडलेली आहेत.

झोपेचंही तुमच्या घरात अवघड जाईल. त्याला रात्री दहा ते बारा तास अंधार आणि शांतता लागते. हॉलमध्ये टीव्ही अकरापर्यंत चालत असेल तर पक्षी चिडचिडा होतो, चावतो. मादी असेल तर लांबलेल्या उजेडाने नर नसतानाही अंडी घालत राहते, अंगातलं कॅल्शियम संपतं आणि एखादं अंडं अडकून ती दगावते. म्हणूनच पिंजऱ्यात हौसेने मडकं किंवा घरटं टांगू नका.

वर्षांचं गणित कागदावर मांडून बघा. बजी पाच ते दहा वर्षं जगतो, कॉकटील पंधरा-वीस, राघू आणि पहाडी पंचवीस-तीस, आफ्रिकन ग्रे चाळीसच्या पुढे. आज आणलेल्या कॉकटीलचं तुमची मुलगी कॉलेजला बाहेरगावी जाईल तेव्हा जवळपास निम्मं आयुष्य उरलेलं असेल. गणपतीला गावी जाताना, बाळंतपणात, बदलीत, आजारपणात त्याला कोण सांभाळेल, त्या माणसाचं नाव आत्ता ठरलेलं हवं. माझ्याकडे एका निवृत्त शिक्षकांचा आफ्रिकन ग्रे यायचा. सर गेले. पक्षी मात्र रोज संध्याकाळी पाचला सरांच्याच आवाजात ‘अगं, चहा झाला का?’ विचारायचा. बाईंना ते सहन होईना आणि त्याला दुसरीकडे देववेना. दोन वर्षं त्या घराची ओढाताण मी पाहिली. शेवटी त्यांच्या भाच्याने पक्षी नेला. सरांनी हे आधीच ठरवून ठेवलं असतं तर त्या दोघांचीही सुटका झाली असती.

तर तुमच्या घरासाठी माझं मत असं. छातीच्या डॉक्टरांनी नको म्हटलं तर विषय तिथेच थांबवा, मुलीला खरं कारण सांगा. नऊ वर्षांच्या मुलीला आजोबांचा श्वास समजतो. डॉक्टरांची हरकत नसेल आणि सासऱ्यांना मनापासून हवं असेल, तर बजीची जोडी घ्या, एकटा नको. जोडी असली की तुम्ही नसताना त्यांना एकमेकांचा थवा असतो. याची किंमतही सांगते: जोडीतले बजी माणसाला कमी चिकटतात आणि बहुधा बोलत नाहीत. बोलणारा पक्षी हवा म्हणून एकट्याला ठेवायचं, हे मी कोणालाही सुचवत नाही. पिंजरा गोल नको, आडवा आणि लांब, किमान तीन फूट, गजांमधलं अंतर एक सेंटिमीटरच्या आसपास. बसायला दुकानातल्या गुळगुळीत गोल काठ्या काढून पेरूच्या फांद्या लावा, जाड-बारीक अशा. एकसारख्या काठीवर बसून तळपायाला जखमा होतात.

स्वतः खाऊ लागलेले पक्षीच घ्या. ‘हाताने भरवलं की माणसाळतं’ असं सांगून दुकानदार डोळेही न उघडलेली पिल्लं गळ्यात मारतात. एका ताईंनी असंच आणलेलं पिल्लू माझ्याकडे आलं. खीर जास्त गरम दिली गेली होती आणि घशाखालची अन्नपिशवी भाजून तिला भोक पडलं होतं. भरवलेलं छातीवरून बाहेर ओघळत होतं. त्या ताईंनी दर तीन तासांनी, रात्रीसुद्धा उठून भरवलं होतं. चूक त्यांची नव्हती, पिल्लू विकणाऱ्याची होती. आम्ही शिवलं, ते वाचलं. सगळी वाचत नाहीत.

आणि दिरांनी पिल्लू आधीच आणून ठेवलं असेल तर ते परस्पर सोडून देऊ नका, त्याला अजून खाता-उडता येत नसेल. वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा. नेईपर्यंत पुठ्ठ्याच्या खोक्यात मऊ कापड घालून उबेला ठेवा, वर भोकं पाडा, मांजरापासून लांब. तोंडात पाणी ओतू नका, ते श्वासनळीत जातं. दिरांना फोन करायला अवघड वाटत असेल तर माझं नाव सांगा. म्हणा, पक्ष्यांच्या डॉक्टरीणबाईंनी नको म्हटलंय.